एक अधिक एक शून्य, आणि पापड

मायक्रोवेव्ह घेताना मी फिरत्या थाळीचा घेतला नाही, याचा मला आजही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही सुनेत्राच्या बाजूला जाल. (सगळेच जातात.)

साल चौऱ्याऐंशी. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला. मी मोटारींच्या कंपनीत गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढतो आणि आयुष्यात एकच गोष्ट पक्की शिकलोय: जिथे फिरणारा भाग, तिथे बिघाड. तेव्हा सेल्समनने 'थाळी आपोआप फिरते' म्हणून कौतुकाने दाखवलेलं मॉडेल मी धुडकावलं आणि त्याच्या शेजारचा, थाळी जागच्या जागी ठेवणारा गरीब स्वभावाचा ओव्हन उचलून आणला.

मुळात तो हवा होता पापडांसाठी. विजेच्या शेगडीवर पापड भाजला की छतावरचा स्मोक अलार्म बोंब ठोकायचा आणि शेजारच्या बाई कुत्र्यासकट अंगणात येऊन उभ्या राहायच्या.

पहिला पापड मी मोठ्या थाटात आत ठेवला. बाहेर आला तो काही ठिकाणी कोळसा आणि मध्ये मध्ये जसाच्या तसा कच्चा.

"स्थिर तरंग," सुनेत्रा म्हणाली. (सुनेत्रा म्हणजे बायको. पुण्यात फिजिक्स शिकवायची. इथल्या कॉलेजात टेंपररी शिकवत होती आणि पर्मनंट होण्याची वाट बघत होती.)

"ओव्हन नवीन आहे. रुळेल हळूहळू," मी म्हणालो.

"अहो, सून आहे का ती रुळायला? आतल्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात. जाणारी लाट आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी दोघी मिळून जोर लावतात, तिथे जळतं. काही ठिकाणी एकमेकींना खोडतात, तिथे कच्चं राहतं. आणि या जागा हलत नाहीत."

"म्हणजे एक अधिक एक शून्य?"

"त्या जागी, हो."

"काहीतरीच! दोन बैल जुंपले तर गाडी थांबते का?"

"समोरासमोर जुंपले तर थांबते."

मग तिने कपडे वाळत घालायची दोरी दाराच्या मुठीला बांधली आणि दुसरं टोक हलवायला लागली. जाणारी लाट, परतणारी लाट, आणि बघता बघता दोरीला दोन फुगे आले. मधला एक बिंदू मात्र ढिम्म. मी निरखून पाहिलं आणि दोरीतच दोष आहे असं जाहीर केलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण त्या रविवारी तिच्या डिपार्टमेंटच्या हेड, डॉ. कोवाल्स्की, आमच्याकडे जेवायला येणार होत्या. पर्मनंट जागेसाठी कुणाचं नाव पाठवायचं, ते त्याच ठरवणार होत्या.

"आपण पापड नकोच करू या," सुनेत्रा म्हणाली.

"वा! सासूबाईंनी अमरावतीहून बॅगेत जपून आणलेले पापड पाहुण्यांना नाहीत? मी भाजतो."

"मग निदान मध्येच दार उघडून थाळी हाताने जरा फिरवा."

"म्हणजे मीच फिरणारा भाग?"

"अहो, माझी नोकरी अडकली आहे त्यात. दोन वर्षं मी वाट बघतेय."

मला खरंच वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. आज थाळी फिरवली असती, तर उद्या काय काय फिरवावं लागलं असतं कुणास ठाऊक.

रविवारी बाहेर टेबलावर भरली वांगी चालू होती आणि आत स्वयंपाकघरात मी लढत होतो. प्रत्येक पापड थाळीच्या मधोमध, गिअरबॉक्सच्या शिस्तीत. पहिला जळला, दुसरा जळला. दहा वर्षांची आमची सीमा दारात उभी राहून ओरडली, "डॅड, जस्ट टर्न इट!"

"नो!" मी म्हणालो. (पोटची पोरसुद्धा फितूर!)

अख्खं पाकीट संपलं, थाळी तसूभर हलली नाही. तसाच ताट भरून ताठ मानेने बाहेर गेलो आणि पाहुण्यांपुढे ठेवलं. सुनेत्राचा चेहरा उतरला. "पापड," मी म्हणालो. "आमच्याकडचं पारंपरिक डिझाइन."

डॉ. कोवाल्स्कींनी एक उचलला. दुसरा उचलला. मग दोन्ही एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. डागावर डाग बरोब्बर बसला! सुनेत्राने डोळे मिटून घेतले.

"पट्टी आहे घरात?" बाईंनी विचारलं.

सीमाने दप्तरातली पट्टी आणली. सुनेत्राने दोन डागांमधलं अंतर मोजलं, दुप्पट करून लाटेची लांबी काढली, ओव्हनच्या पाठीवर छापलेल्या फ्रीक्वेन्सीने ती गुणली आणि वांग्याच्या रश्शाशेजारी पेपर नॅपकिनवर प्रकाशाचा वेग काढून दाखवला. जवळपास बरोबर!

बाई खुर्चीतून उठल्याच. "फळ्यावर किती आकृत्या काढल्या मी! मुलांच्या डोळ्यांसमोर हे कधी उभंच राहिलं नाही. सुनेत्रा, उद्या तुझंच नाव पाठवतेय. पहिल्या लेक्चरला हा प्रयोग मात्र हवा."

सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी श्रेय घेण्याच्या तयारीत होतो. घसा खाकरून म्हणालो, "पापड मी भाजले."

बाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं, मग विचारात पडल्या. "हीच तर अडचण आहे. इतके पापड, आणि सगळे त्याच जागी जळलेले! दुसरा जळल्यावर कुणीही माणूस थाळी हलवेल. वर्गात हे कसं जमवायचं?"

"सोपं आहे," सुनेत्रा डोळे पुसत म्हणाली. "माझ्या नवऱ्याला बोलवायचं आणि सांगायचं, थाळी जरा फिरवा."