नऊ यार्ड आणि एक सही

एखाद्या कामाचं संपूर्ण ज्ञान होण्यासाठी ते काम आपण कधीही केलेलं नसणं अत्यंत आवश्यक असतं. केल्याने ज्ञानात शंका मिसळते आणि माणूस हळू बोलू लागतो. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या समितीचं ज्ञान या दृष्टीने पूर्णपणे शुद्ध आहे.

समिती दर रविवारी दुपारी एक वाजता दिगंबरच्या बेसमेंटमध्ये, टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला भरते. दिगंबर मूळचा नागपूरचा, मोटारींच्या दरवाज्यांचे कब्जे डिझाइन करतो आणि टीव्ही त्याचा असल्यामुळे अध्यक्ष आहे. शंतनू आणि नेत्रा हे नवरा-बायको सदस्य आहेत. दोघंही आयटीत. मी निवृत्त शिक्षक, मुलाकडे राहतो, शेजारीच. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आहे. संघाचं नाव इथे देत नाही. जिंकला तर तो 'आपण' असतो आणि हरला तर 'हे लोक', त्यामुळे एकच नाव लिहिणं अन्यायाचं होईल.

समितीचा कायमस्वरूपी विषय म्हणजे स्क्रीन पास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चेंडू लांब पुढे फेकण्याऐवजी कडेला उभ्या असलेल्या गड्याकडे चटकन बाजूला द्यायचा. त्याच्यापुढे दोघंतिघं आडोसा धरतात आणि तो पळतो. पळाला तर प्रशिक्षक हुशार, नाही पळाला तर प्रशिक्षकाला घरी पाठवावं.

इतिवृत्तावरून काढलेले आकडे असे : असा पास हवेत सरासरी एक सेकंद असतो. त्यावरची चर्चा सरासरी बावीस मिनिटं चालते. चेंडू प्रत्यक्ष हातात घेतलेले सदस्य, एक (शंतनू, दुकानात, परत फळीवर ठेवण्यासाठी).

त्या रविवारी सामना संपत आला होता, चेंडू आपल्याकडे राहायला अजून नऊ यार्ड पुढे जायला हवं होतं, आणि प्रशिक्षकाने स्क्रीन पास टाकायला लावला. दोन यार्ड मिळाले.

"अरे यार! नऊ हवेत आणि हा मागे फेकतोय!" शंतनू सोफ्यावरून उठला.

"मागे नाही, बाजूला," नेत्रा म्हणाली. "तुला दिशा कळतच नाहीत. गाडी पण तशीच चालवतोस."

"मुद्दा दिशेचा नाही भाऊ, मुद्दा हिमतीचा आहे," अध्यक्ष म्हणाले. पोटावर चिवड्याची वाटी ठेवून हिमतीबद्दल बोलायला वेगळी हिंमत लागते. ती त्यांच्यात आहे.

एवढ्यात दिगंबरची मुलगी अनिका जिन्यावरून खाली आली. वय वर्षं दहा. ती मुलींच्या फ्लॅग फुटबॉल संघात खेळते. त्यात कुणी कुणाला पाडत नाही. कमरेची पट्टी ओढली की धाव संपते. त्यांच्या प्रशिक्षकाची टेक्सासला बदली झाली होती. पाच वाजेपर्यंत कुणा मोठ्या माणसाने फॉर्मवर सही केली नाही, तर संघ रद्द होऊन दहाही मुली घरी बसणार होत्या.

"डॅड, फाइव्ह ओ'क्लॉकची डेडलाइन आहे. प्लीज?"

"हो बेटा, हे ड्राइव्ह संपू दे."

ड्राइव्ह, म्हणजे संघाची ती चढाई, संपलं. मग सामनाही संपला (हे लोक हरले). अनिका तिसऱ्यांदा आली तेव्हा साडेचार वाजले होते, आणि या वेळी ती फॉर्म टीव्हीसमोर धरून उभी राहिली. त्यामुळे विषय पटलावर घ्यावा लागला.

मुलींना उत्तम प्रशिक्षक मिळालाच पाहिजे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. नेत्राने त्याला 'तातडीने' हा शब्द जोडला. पुढे अंमलबजावणी. दिगंबरला शनिवारी सकाळी गाडीचं ऑइल बदलायचं असतं (दर शनिवारी, गाडी सध्या बहुधा फक्त ऑइलच पिते). नेत्रा ऑन-कॉल होती. शंतनू म्हणाला, "मी स्ट्रॅटेजीवाला माणूस आहे काका. मुलांमध्ये माझं नॉलेज वाया जाईल."

अनिका फॉर्मची घडी घालू लागली. चाळीस वर्षं वर्गात काढल्यावर एक गोष्ट कळते. मूल हट्ट करत असतं तोवर त्याचा आपल्यावर विश्वास असतो. घडी घालायला लागलं की संपला. पाचला दहा मिनिटं असताना मी पेन मागितलं.

"आजोबा, बट यू डोन्ट नो एनीथिंग!"

"मग तू शिकव."

तिने मला जेवणाच्या टेबलावर चकल्या मांडून शिकवलं. माझ्याइतका मठ्ठ विद्यार्थी मी आयुष्यात पाहिला नव्हता. तिने एकच गोष्ट चार वेळा सांगितली आणि एकदाही आवाज चढवला नाही. समितीत असं शिक्षण मिळत नाही.

पुढच्या शनिवारी सामना झाला. समिती शंभर टक्के हजर होती. घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, ऑइलही बदललेलं नव्हतं. शेवटची संधी, गोलरेषा नेमकी नऊ यार्डांवर. अनिका धावत माझ्याकडे आली.

"आजोबा, स्क्रीन टाकू? राधिकाला?"

राधिका संघातली सगळ्यात लहान मुलगी. तिने त्या दिवसापर्यंत एकही चेंडू झेलला नव्हता. लांबचा झेलला नसताच. मी म्हटलं, टाक.

राधिकाने तो झेलला. चार यार्ड पळाली, मग पट्टी गेली. आम्ही हरलो. दहाही मुली राधिकाला मधे घेऊन अशा नाचल्या, की पलीकडच्या संघाने पंचांना निकाल पुन्हा विचारला.

"नऊ हवे असताना स्क्रीन?" मागून शंतनूचा आवाज आला. "काका, तुम्हीसुद्धा?"

रविवारच्या बैठकीत मला प्रशिक्षकपदावरून दूर करण्याचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. (विरोधी मत नेत्राचं, तिच्या मते पास योग्य होता, आडोसा चुकला.) तो मीच सुवाच्य अक्षरात नोंदवला. नंतर माझ्या जागी कोण, असा प्रश्न आला, आणि सर्वांना एकाच वेळी घरची कामं आठवली. त्यामुळे पुढील व्यवस्था होईपर्यंत मी काळजीवाहू प्रशिक्षक आहे.

इथवर वाचलंत, म्हणजे नऊ यार्ड हवे असताना चेंडू बाजूला द्यावा की नाही, याबद्दल तुमचंही एक ठाम मत झालंच असेल. ते अवश्य कळवा. सोबत जोडलेल्या फॉर्मची मागची बाजू त्यासाठी कोरी आहे. पुढच्या बाजूला 'सहायक प्रशिक्षक' असं छापलेलं आहे आणि त्यापुढची सहीची जागा मोकळी आहे. सराव शनिवारी सकाळी नऊला. ऑइल रविवारीही बदलता येतं.