वेबसाइटची किल्ली

आमच्या क्लबच्या वेबसाइटची किल्ली पास्कूकाकांच्या कमरेला असे. चेष्टा नाही, खरंच असे.

गिरीज गावातल्या आमच्या क्लबात व्हॉलीबॉलच्या जाळ्यापासून कॅरमच्या पावडरीपर्यंत सगळं कुलपात, आणि किल्ल्या काकांकडे. काका येण्याआधी त्यांचा जुडगा ऐकू यायचा. ‘आधी किल्ली, मग खेळ,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नघरीसुद्धा ते तेच म्हणत आणि लोक माना डोलावत.

क्लबची पहिली वेबसाइट अध्यक्षांच्या भाच्याने केली, तेव्हा काकांनी एकच विचारलं, किल्ली कोणाकडे? भाच्याने सुटका करून घ्यायला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. काकांनी चिठ्ठी लॅमिनेट केली, भोक पाडलं आणि गोदाम व संडास यांच्या किल्ल्यांमध्ये अडकवली.

त्या दिवसापासून काका संध्याकाळी पाचला क्लब उघडत आणि सायकलवरून सायबर कॅफेत जाऊन वेबसाइट उघडत. चपला बाहेर. मग आठपर्यंत पडद्यासमोर ताठ बसून राहायचं. माऊसला हात नाही. कॅफेवाल्याने काय करता विचारलं तर म्हणाले, क्लबवर आहे. सोमवारी साप्ताहिक सुट्टी. एक जुने सभासद वारले तेव्हा काकांनी त्यांच्या पत्नीला सांगितलं, ‘दोन दिवस वेबसाइटसुद्धा उघडली नाही, वहिनी.’ बाईंना फार बरं वाटलं.

पुढे स्पर्धा जवळ आल्या आणि वेबसाइट नव्याने करायचं ठरलं. जुनीवर एक चेंडू गरगर फिरायचा आणि बँड वाजायचा. मी राहायला मनवेलपाड्यात, रविवारी इथे खेळायला यायचो, आणि नोकरी कंप्युटरच्या कंपनीत. त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. काकांच्या सूचना आल्या: आत शिरण्याआधी व्हरांडा हवा, थुंकू नये अशी पाटी हवी. मी सगळ्याला हो म्हणालो. काकांशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

सभेत अध्यक्षांनी ऐटीत जाहीर केलं की नवी वेबसाइट चोवीस तास उघडी राहील. काका हसले. एवढा वेळ बसणार कोण, म्हणाले. तिथे मी माझी अक्कल पाजळली. मी समजावून सांगितलं की ती पहिल्यापासून चोवीस तास उघडीच आहे, पासवर्ड फक्त आतला मजकूर बदलायला लागतो.

“म्हणजे मी नसताना लोक येऊन गेले?”

“हो काका.”

“आणि कोणी विचारलं नाही त्यांना?”

काकांनी जुडगा टेबलावर ठेवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाचला क्लब उघडला नाही. एवढे मोठे बाप्ये चेंडू काखेत घेऊन दारात उभे. किल्ल्या टेबलावरून मीच उचलून नेल्या होत्या, पण कुलूप काढायला कोणी पुढे होईना.

मी जुडगा घेऊन त्यांच्या वाडीत गेलो. काका केळींना पाणी सोडत होते. मी जुडगा पुढे केला.

“माझा धाकटा, सांतान,” ते म्हणाले, “माझ्याशी भांडून बोटीवर नोकरीला गेला. नऊ वर्षांनी आला. घरी यायचं तोंड नव्हतं म्हणून क्लबवर आला. मी संघ घेऊन आगाशीला. दाराला कुलूप. दोन तास पायरीवर बसला आणि गेला. वेबसाइट झाली तेव्हा तुम्ही सगळेच म्हणाला होतात ना, आता जगात कुठूनही माणूस क्लबवर येऊ शकतो?”

मला माझीच लाज वाटली. मग त्यांनी विचारलं, वेबसाइटला खरंच कुलूप लावता येतं का. येतं, मी म्हणालो. त्यांनी पाणी वळवून दुसऱ्या आळ्यात सोडलं.

“नको. उघडीच राहू दे. पण आत कोणीतरी आहे, असं दिसू दे.”

अध्यक्षांना पहिल्या पानावर करंडक हवा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांशी भांडलो आणि जिंकलो. क्लबच्या दारातल्या बाकावर काकांचा फोटो काढायचं ठरलं. काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, काका, मध्ये सरका. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, आणि शेजारी एका माणसाची जागा ठेवून तिथेच बसून राहिले.