डोमाभाऊंची काख

डोमाजी मेश्राम दोन्ही हात जोडून जयभीम करताना मी वर्षातून दोनदाच पाहिले: चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला. एरवी त्यांचा हात कोपरापासूनच काय तो वर जाई. दंड बरगडीला असा चिकटलेला, की नवख्या माणसाला वाटावं, भाऊंना लहानपणी अस्वलानं मिठी मारली असावी.

अस्वल नव्हतं. भाऊंच्या काखेत रक्त होतं. काचेच्या नळीत, वर कापसाचं बूच.

एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका दवाखान्यात भाऊ रक्त-लघवी तपासायचे आणि मी कारकुनी करायचो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून हयात आहेत आणि माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. तर, रक्ताच्या नळ्या अंगाइतक्या उबेत ठेवायला सरकारनं एक पेटी पाठवली होती. ती विजेवर चाले, आणि वीज आमच्याकडे जावयासारखी यायची: सणासुदीला, तीही रुसून. शेवटी त्या पेटीत सिस्टरबाईंच्या कोंबडीनं बिऱ्हाड केलं. सतरा पिल्लं निघाली. लोक अकरा म्हणतात. लोकांना मोजता येत नाही.

"मशिनीपेक्षा मानसाची काख पक्की," भाऊ म्हणाले. "तिले लाईट नाई लागत." तेव्हापासून उजवी काख पेशंटची आणि डावी स्वतःची. हो, प्रत्येक पेशंटमागे भाऊ स्वतःचंही रक्त काढून दुसऱ्या नळीत घालत. कोणी कारण विचारलं की ठरलेलं उत्तर: "दुसऱ्याचं रक्त खोटं म्हनाच्या आंधी आपलं पाहून घ्याव."

हे त्यांचं खूळ किती शहाणं होतं ते एका दिवाळीत कळलं. माझी बायको सुमन भारी स्वच्छ. भाऊ एकटेच राहतात म्हणून तिला त्यांची कीव. तिनं त्यांच्या वापरातल्या सगळ्या नळ्या आणून आमच्या भांड्यांबरोबर कपड्याच्या पावडरीनं घासल्या. आरशासारख्या! दुसऱ्या दिवशी परड चावली म्हणून एक लाकूडतोड्या आला. आमच्याकडे घोणसीला परड म्हणतात. तिच्या विषानं रक्त जमेनासं होतं. वीस मिनिटं झाली, नळीतलं रक्त पाण्यासारखं पातळ. डॉक्टरबाई सापाच्या विषावरच्या लसीची उरलेली शेवटची बाटली फोडणार, इतक्यात भाऊंनी डावी काख उघडली. त्यांचंही रक्त पातळच!

"बाई, थांबा. एक तं परड मले बी चावली, नाई तं कोनी तरी नळ्यायले साबन लावला."

साबण राहिला की काचेत रक्त धड जमत नाही. कपाटातल्या कोऱ्या नळ्या काढल्या, दोघांचंही रक्त दह्यासारखं लागलं. लाकूडतोड्याला दिवसभर नजरेखाली ठेवला; संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी गेला. लस वाचली. मग भाऊ आमच्या दारात. "वहिनी, सारं गाव धुवा. पन माह्या नळ्यायले हात नोका लावू."

सुमन आठ दिवस लाजून लालेलाल झाली होती. तिच्या गोऱ्या रंगाला शोभतही होतं.

पण भाऊंचं खरं प्रेम रक्त जमण्यावर नव्हतंच. जमलेल्या गुठळीत जो झोपलेला असतो, त्याच्यावर होतं.

"गवंडी भिंत बांधते ना, भाऊ? तवाच त्या भिंतीत एक मानूस झोपवून ठेवते. पाडनारा. त्याचं नाव प्लाझमिनोजेन." हे ते बाजारात सांगत, पारावर सांगत, एसटी पंक्चर झाली की कंडक्टरला सांगत. मुख्यमंत्री कोण ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण प्लाझमिनोजेन तेंदूपत्ता वेचणाऱ्या बायांनाही पाठ. "जखम भरली का आंगच त्याले हलवते, ऊठ रे बाप्पा, काम झालं. मंग तो प्लाझमिन होते, अन् एक एक धागा कापून गुठळी मोकळी करते. नाई उठला, तं गुठळी पायात राह्यते, फुप्फुसात जाते, मानूस खलास. अन् येळेच्या आंधीच उठला, तं..."

इथं भाऊ नेहमी थांबत आणि काख चाचपत. पुढचं वाक्य मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणखी एक. भाऊ चहा घेत नसत. गावानं निकाल देऊन टाकला होता: कंजूस आहे, पिला तर पाजावा लागेल.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात, सकाळी आठला सुमनला मुलगी झाली. मुलगी अशी ओरडली की नदीपलीकडचे रेडे उठून उभे राहिले. पण सुमनचं रक्त थांबेना. डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं दिली, पोट चोळलं. धार कमी झाली, पण पुरती थांबली नाही.

"चंद्रपूरला हलवायचं तर रस्त्याचे धक्केच हिला सोसणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पण रक्त जमून टिकत नसेल, तर न्यावंच लागेल. डोमाभाऊ, तुमची नळी सांगेल ते खरं."

ड्रायव्हर किल्ली हातात धरून जीपमध्ये बसला. भाऊ बाकावर बसले, उजव्या काखेत सुमनचं रक्त, डाव्या काखेत स्वतःचं. मी त्यांच्या शेजारी. नवव्या मिनिटाला त्यांनी नळी आडवी केली. रक्त हललं नाही.

मी उडीच मारली. "जमलं! चला भाऊ, आज चहा घ्यावाच लागेल!"

"बसा."

इतक्या हळू आवाजात भाऊ कधी बोलत नसत. मी बसलो.

"माही बायको ब्रह्मपुरीकडची. बारा वर्सं झाली. बाळंतपन तिच्या गावातच. रक्त भांड्यात जमलं होतं. दाई म्हने, जमलं, आता फिकर नाई. सारे उठले. मी बी उठलो. बाहेर चुलीवर चहा होता." त्यांनी नळी परत काखेत घातली. "कप संपवून आत आलो, तं भांड्यात पुन्हा पातळच पातळ. येळेच्या आंधीच उठला होता तो पाडनारा. कोनी पाहूनच नाई राह्यलं होतं."

मी लेकराचं विचारलं नाही.

"जमलं म्हून उठाचं नसते, भाऊ."

मग आम्ही उठलो नाही. चार तास. दर अर्ध्या तासानं भाऊ नळी काढत, उजेडात आडवी करत, परत घालत. दोन्ही काखा गुंतलेल्या, त्यामुळे नाकावर बसणारी माशी हाकलायचं काम माझं. एरवी त्या माशीवर मी चार पानं लिहिली असती. त्या दिवशी नुसती हाकलली.

साडेबाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या. "थांबलं," म्हणाल्या. "नळी?"

भाऊंनी दोन्ही नळ्या बाकावर ठेवल्या. दोन्ही गुठळ्या जागच्या जागी. जीपमधून ड्रायव्हर उतरला आणि त्यानं किल्ली खिशात टाकली.

सिस्टरबाईंनी चहा आणला. भाऊंनी दोन्ही हातांनी कप धरला. हात अवघडले म्हणाले. मी हो म्हणालो.

"वहिनीनं घेतला?"

"घेतला."

"अर्धा का पुरा?"

मी आत जाऊन पाहून आलो. "पुरा."

तेव्हा भाऊंनी एक घोट घेतला आणि दचकून कपात पाहिलं.

"आता चहात इतली साखर टाकतेत?"