एकशे तीन वर्षांची गिऱ्हाइकं

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं असेल तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता चहात पडो!

माझ्या नातीला आजोबांचं छत्री दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडायचं होतं. वीस वर्षं बंद पडलेलं. पण त्याच गाळ्यासाठी एक मोबाइलची कव्हरं विकणाराही टपून बसलेला! गाळेमालक नातीला म्हणाला, "गिऱ्हाईक येईल हे कागदावर दाखव. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर गाळा कव्हरवाल्याला."

पोरगी कॉम्प्युटरला चिकटली ती गोचिडासारखी! छत्र्यांच्या बाजाराचा एक अहवाल सापडला, पण किंमत अशी, की तेवढ्यात हत्ती येईल, वर माहूत फुकट!

"अगं, फुकटात काहीच मिळत नाही का?"

"मिळतं गं आजी! वाचनालयातल्या बाईंनी यादीच दिलीय."

वॉर्डात माणसं किती, पाऊस किती, सगळं सरकारी साइटवर फुकट. वाचनालयाच्या कार्डाचा नंबर टाकला की धंद्यांचे जुने अहवालही फुकट. फक्त छत्री दुरुस्त कोण करून घेतं, हे कुठेच नव्हतं! मग तिने एक फुकटातला प्रश्नांचा फॉर्म बनवून गावभर पाठवला. आठवड्यात उत्तरं आली तीन. त्यातलं एक तिच्या आईचं!

पोर रडकुंडीला आली. म्हटलं, तीस वर्षं गल्ल्यामागे मी बसले, आणि गिऱ्हाइकांची माहिती इंटरनेटला विचारायची? ती बाहेर गेली, तशी मी फॉर्म उघडला. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना काही आता उत्तरं देणं जमत नव्हतं. मग त्यांच्या नावाने मीच दिली!

टायपिस्टबाई: छत्री दर वेळी बसच्या दारात अडकायची. बँडमास्तर: छत्रीने ताल धरून दांडा वाकवायचे. एक जोडपं एकाच छत्रीवरून दुकानात भांडायचं, आणि त्याच छत्रीतून घरी जायचं! लिहिता लिहिता मेणकापडाचा वास यायला लागला. आणि ह्यांचं ते दातांत सुई धरून हसणं...

दोन दिवसांत एकशे सत्त्याऐंशी उत्तरं! आकडा बघून नात नाचली, आणि न वाचताच सगळं छापून मालकाकडे. मागोमाग मी.

मालकाने चष्मा पुसला. "गिऱ्हाइकाचं सरासरी वय एकशे तीन?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"आजी! काय केलंस तू?"

"जन्मसाल विचारलं होतंस ना? तेच लिहिलं!"

"काकू," मालक म्हणाला, "ही माणसं जिवंत तरी आहेत का?"

"उत्तरं खरी आहेत. माणसं तेवढी गेलीत."

तो पोट धरधरून हसला. हसत पानं उलटत होता, एकदम थांबला. "ही... माझी आई?"

"हो रे. निळी छत्री, पोपटाची मूठ. शाळेत सोडताना तुझ्याच दप्तरात अडकून मोडायची. दर महिन्याला!"

मालकाचे डोळे भरले. "पोपट! लाल चोच होती त्याला. मी ती चावायचो, काकू!"

गाळा आम्हाला मिळाला! नात आता तिथे बसते, दातांत सुई धरून. अगदी ह्यांच्यासारखी.

आता कवळी सांभाळून एक सांगते. निळी छत्री खरी, दप्तरही खरं. मूठ मात्र साधीच होती, वाकडी. पोपट मी घातला.

पण लाल चोच माझी नाही हं! ती मालकाची.