बॉयलर घरूनच चालतो

अश्विनने भाताचा घास हातातच धरला आणि जाहीर करून टाकलं, "तू बिनधास्त हो म्हण. जुईला मी सांभाळतो. वर्षभराची बिनपगारी रजा टाकतो आणि बसतो घरी. त्यात काय मोठंसं?"

शुभांगी बघतच राहिली. तिची कंपनी नागलीची बिस्किटं करायची आणि आता सुरगाण्याला खरेदी केंद्र उघडत होती. केंद्राची प्रमुख म्हणून नाव निघालं होतं शुभांगीचं. याच दिवसासाठी ती इतकी वर्षं राबली होती. पण पहाटेच्या जीपने घाट चढायचा, दिवेलागणीला नाशिकच्या इंदिरानगरात परत यायचं, आणि जुई जेमतेम दहा महिन्यांची. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"अगं, एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात सात मजली उंच बॉयलर हाकतो मी," अश्विन म्हणाला. "त्याच्यापुढे ही एवढीशी पोर म्हणजे किस झाड की पत्ती."

"पोर तू सांभाळशील रे. त्याची मला काळजी नाही. लोकांनी विचारलं, दिवसाढवळ्या घरी कसे, तर काय सांगशील?"

"छाती ठोकून सांगेन, पोर सांभाळतो म्हणून."

"बघू. आधी आठवडाभर रजा काढ, मी तिकडचं काम बघून येते. तुला सांगता आलं, तर मी हो म्हणते. नाहीतर वर्षभर तू तोंड लपवत फिरणार आणि राग माझ्यावर काढणार. तसलं केंद्र मला नको."

सोमवारी सकाळी अश्विनच्या अंगात वारं शिरलं होतं. शुभांगीच्या ओढणीने त्याने जुईला पाठीशी बांधलं, नागलीची पेज शिजवली, ती भरवली, ती भिंतीवरून पुसली, आणि दुपट्यांची बादली घेऊन विजयी मुद्रेने गॅलरीत आला. खाली सोसायटीचे अध्यक्ष मोतीराम आप्पा झेंडूच्या रोपांना पाणी घालत होते. मूळचे मखमलाबादचे मळेवाले. बिल्डिंगीत राहायला आले तरी नजर राखणदाराची.

"काय रं अश्विन, आज ड्युटी नाय का?"

प्रश्न साधा होता. उत्तरही पाठ होतं. अश्विनने छाती ठोकायला हात उचलला, पण हातात ओलं दुपटं होतं. ते छातीवर सपकन बसलं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"वर्क फ्रॉम होम आहे, आप्पा."

"एकलहऱ्याचं? बॉयलर घरून चालतो?"

"सगळं ऑनलाइन झालंय हल्ली."

आप्पांच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगीला कळलं, की नाशिकची वीज आता दुसऱ्या मजल्यावरून सुटते.

झालं, तिथून अश्विनचा मान जो वाढला, तो आवरेना. पोरांनी त्याच्या खिडकीखाली क्रिकेट खेळायचं नाही, असा आप्पांनी हुकूम काढला. जिन्यातून जाणारे पाय न वाजवता जाऊ लागले. कुकरची शिट्टी झाली की खालून आप्पांचा आवाज यायचा, "वाफ सोडली का रं?" आणि एका काखेत जुई, दुसऱ्या हातात वरणाचा डाव अशा अवस्थेत अश्विन ओरडायचा, "हो आप्पा, प्रेशर जरा वाढलं होतं."

एकदा खोटं बोललं की त्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू द्यावाच लागतो. शेजारच्या ललिता वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातूनच कुजबुजल्या, "भाऊ, काम चालू असेल तर नंतर येते. माझ्यामुळे कुठं अंधार नको व्हायला." आप्पांनी पंख्याचा वेग वाढवून मागितला. आणि मग एकदा ते जिना चढून, टोपी हातात घेऊन आले.

"एक काम हाय. आमच्या भावाला मळ्यात रात्रीची लाइट येती. मोटार चालू करायला म्हातारा अंधारात जातो, साप-किरडाचं भ्या वाटतं. तेवढी दिवसा सोड की."

जुई तेव्हा अश्विनचा कान ओढून ओढून लाल करत होती. आप्पांनी लवकर जावं, एवढंच त्याला हवं होतं. "बघतो," तो म्हणाला.

नशीब बघा! दुसऱ्याच दिवशी मळ्याकडची पाळी ठरल्या वेळापत्रकाने बदलली आणि लाइट दिवसाची झाली. संध्याकाळी अश्विनच्या दारात फ्लॉवरची गोणी आणि झेंडूचा हार.

"हे कुठून आलं?" शुभांगीने घरी आल्यावर विचारलं.

"आप्पांच्या भावाने दिलं. असंच, प्रेमाने."

"आणि लोक काय म्हणतात? सांगितलंस ना?"

"लोक? लोक फार मानतात मला."

यात खोटं काहीच नव्हतं. तरी अश्विनला त्या रात्री फ्लॉवरची भाजी गोड लागली नाही. खरी गंमत अशी, की घरचं काम त्याला बेहद्द आवडायला लागलं होतं. त्याला बघून जुई हात पसरायची, त्याच्या खांद्यावर झोपायची. तिला मांडीवर घेऊन काऊ-चिऊ दाखवताना त्याला जगात कुणाचा हेवा वाटत नसे. फक्त दाराची बेल वाजली की त्याचा बॉयलर व्हायचा.

शनिवारी दिवेलागणीला तो जुईला पेज भरवत असताना लाइट गेली. तो खिडकीशी गेला. समोरच्या बिल्डिंगीत लख्ख उजेड. कोपऱ्यावरच्या दुकानात लख्ख उजेड. अंधार होता तो फक्त त्यांच्या बिल्डिंगीत.

जिन्यात पावलं वाजली. आज कुणी ती न वाजवता येत नव्हतं. दार उघडलं तर वरपासून खालपर्यंत मोबाइलचे उजेड आणि सर्वांत पुढे आप्पा.

"अश्विन, लागला का हात कुठं? समद्या गावाला लाइट हाय, आपल्यालाच नाय. इथलंच बटन दाबलं गेलंय बघ."

"पोरीने दाबलं असेल," ललिता वहिनी समजुतीने म्हणाल्या. "लहान आहे. रागावू नका तिला."

"आप्पा, तसं नसतं ते..."

"लिफ्टमध्ये पाहुणे अडकल्यात माझे!" आप्पांनी त्याला मध्येच तोडलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शुभांगी वर आली. केसांवर घाटातली धूळ, हातात नागलीची पिशवी. "काय झालं? जुई बरी आहे ना?"

"जुईला काय धाड भरलीय?" आप्पा म्हणाले. "तुमच्या मालकांना सांगा, लाइट सोडा म्हणून. घरून टेशन चालवत्यात ना हे आठवडाभर."

शुभांगीने नुसतं अश्विनकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि चप्पल काढता काढता इतकंच म्हणाली, "बरं. मग नाही कळवून टाकते."

पहाटेच्या जीपला धावणारी शुभांगी अश्विनला आठवली. आपल्या एका थापेने आपण तिचं केंद्र बुडवतोय, हे कळून त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. त्याने जुईला छातीशी घट्ट धरलं.

"ऐका सगळे. मी वीज चालवत नाही. बॉयलर घरून चालत नसतो. मी रजा घेऊन पोर सांभाळतोय. शुभांगी सुरगाण्याला साहेबीण होणार आहे, आणि मी वर्षभर घरीच बसणार आहे. आणि मला ते आवडतंय. हसायचं तर हसा."

मग ललिता वहिनी म्हणाल्या, "यात हसायचं काय? दुपटी कोण वाळत घालतं ते आम्हाला दिसत नाही का? आम्हाला वाटलं, पोर सांभाळून वर स्टेशनही बघता. आम्ही नाही का घर सांभाळून सगळं करत? म्हणून तर खरं वाटलं."

शुभांगीला हसू आवरेना. "आप्पा, तुमचा फोन द्या. माझा घाटातच बंद पडला." तिने तिथेच उभ्याने नंबर लावला. "सर, शुभांगी बोलतेय. माझं हो समजा. अहो नाही, घरची काहीच अडचण नाही. मिस्टर घरीच असतात."

कोपऱ्यावर खांबाखाली कुणा वायरमनने उडालेला फ्यूज बसवला असणार, कारण नेमक्या त्या क्षणी जिना उजळला. लिफ्ट धडधडली. सगळ्यांनी वळून अश्विनकडे पाहिलं.

गर्दी पांगली. आप्पा तेवढे मागे राहिले. फोन खिशात घालत त्यांनी अश्विनला कोपऱ्यात घेतलं आणि डोळा मिचकावला.

"समजलं. सरकारी काम, चारचौघांत बोलायचं नसतं. मी नाय कुणाला सांगत. पण भावाच्या मळ्यात सोमवारपासून पुन्हा रात्रीची लाइट हाय म्हणं. तेवढं सोमवारी बघ."

अश्विनने जुईच्या तोंडावरची पेज पुसली आणि या खेपेला खरं तेच सांगितलं. "सोमवारी नाही जमणार, आप्पा. जुईला लस द्यायला न्यायचंय."

आप्पांनी समजूतदारपणे मान हलवली.

"बरं, मग मंगळवारी."