अंदाजकाकांची कडक मुलाखत

माणूस बघितला की त्याचं पुढे काय होणार ते अंदाजकाकांना कळायचं. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तरी तसं होतं. आयुष्यभर टायर विकले होते त्यांनी! गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच ते ओळखायचे, हा टायर घेणार की नुसती हवा भरून जाणार. तेव्हा पुतणीनं बिझनेस स्कूलला अर्ज केल्यावर तिचे चान्स किती, हे दुसऱ्या कुणी ठरवायचा प्रश्नच नव्हता.

"साठ टक्के!" काकांनी निकाल दिला. "डोकं आहे, पण बोलताना मांजरासारखी दबकतेस. एक दणदणीत सराव झाला की नव्वद!"

"अहो काका, खरी मुलाखत आज चारला आहे."

"म्हणूनच सराव अकराला! आपला चष्मेवाला परीक्षक होऊन व्हिडिओ कॉल करणार. पोरीला पार रडव म्हणून सांगितलंय त्याला!"

चष्मेवाला म्हणजे काकांचा शाळेपासूनचा दोस्त, डोक्यावर औषधालाही केस नसलेला. काकांचा चष्माही दांडी बसवायला त्याच्याच दुकानात पडला होता, त्यामुळे सकाळपासून सगळं जग त्यांना साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं.

काका आंघोळीला गेले आणि फोन आला. मुलाखत चारला नाही, अकरालाच! पुतणीनं बाथरूमचं दार बडवलं. "काका, सराव रद्द! चष्मेवाल्यांना मी कळवलंय! खरी मुलाखतच अकराला आहे!"

आत नळ धो धो वाहत होता. 'अकराला आहे' तेवढं काकांच्या कानात शिरलं.

"माहितीये गं!" ते ओरडले.

अकरा वाजता काका डोकं पुसत खोलीत शिरले. पुतणी लॅपटॉपपुढे ताठ बसलेली, आणि पडद्यावर एक गोल, चकचकीत टक्कल. चष्मेवालाच!

"तुमच्या कामाबद्दल थोडं सांगाल का?" टक्कल मऊ आवाजात म्हणालं.

काकांचं पित्त खवळलं. "अरे, गप्पा मारायला बसलायस का? जरा दरडाव की तिला!"

"काका!" पुतणी पांढरीफटक पडली.

"तू गप्प बस! आणि काय रे टकल्या, आवाज कुणाचा काढतोयस?"

"आपण कोण?" टक्कल करड्या आवाजात म्हणालं.

"वा! आता कसं जमलं! मी कोण म्हणे! गणिताच्या पेपरात उत्तरं कुणी दाखवली होती रे तुला?"

पुतणीनं टेबलाखालून लाथ मारली.

"लाथा काय मारतेस? परीक्षकापुढे असं वागतात?"

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "सराव रद्द झाला ना, म्हटलं चष्मा तरी देऊन यावा." दारात चष्मेवाला उभा होता!

काकांनी चष्मा चढवला. पडद्यावर कोट घातलेली तीन माणसं होती. त्यांतल्या एक बाई तोंडावर रुमाल धरून गदगदा हलत होत्या.

काकांनी डोक्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला. ते भिंतीला टेकून खाली बसले. ऑफिसला जायच्या आधी पहाटे उठून अभ्यास करायची पोरगी. रोज! आणि आपण हे काय करून बसलो!

"शेवटचा प्रश्न," टक्कलवाले गृहस्थ म्हणाले. "अवघड माणसाला तुम्ही कसं हाताळता? एखादं उदाहरण..." ते थांबले. "राहू द्या. उदाहरण दिसलं. कसं, तेवढंच सांगा."

पुतणीनं मागे वळून काकांकडे पाहिलं. आता घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा दबकायचं तरी कशाला?

"सर, त्यांची माझ्यावर माया आहे, एवढं लक्षात ठेवते आणि दाराला कडी लावते. आज कडी राहिली!"

तिघंही खो खो हसत सुटले.

पुतणीला प्रवेश मिळाला. "माझ्यामुळे!" असं काका गल्लीभर सांगत फिरले. घरच्यांची पंचाईत अशी, की ते खोटं आहे असं कुणाला म्हणता येईना!

दुसऱ्याच दिवशी शेजारीण दारात हजर. "आमच्या मुलाची मुलाखत आहे हो. काकांना तासभर पाठवाल का? नुसतं मध्ये मध्ये बोलायला!"