वादी घरचाच

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीचे शेअर पहिल्यांदाच बाजारात येणार होते. त्याआधी लोकांसाठी एक माहितीपुस्तक छापायचं होतं आणि त्यात कंपनीवर चालू असलेले सगळे खटले जाहीर करणं सक्तीचं होतं. "एकही सुटणार नाही, साहेब," कायदेविभागाच्या प्रमुख बाईंनी मालकांना छातीठोकपणे सांगितलं.

आणि त्या कामाला लागल्या. गोदामाच्या जागेचा वाद, कापूसवाल्याचा दावा, कामावरून काढलेला रखवालदार... बाई खटले उकरत राहिल्या. डबा उघडायलाही फुरसत नसायची. घरी नवऱ्याने "आज काय झालं?" विचारलं, की "ऑफिसचं घरात नको," एवढंच म्हणून त्या आडव्या व्हायच्या.

शेवटच्या बैठकीत बाहेरून नेमलेल्या सल्लागाराने आणखी एक कागद काढला. ग्राहक न्यायालयाची नोटीस होती. विक्रीखात्याने साधी कुरकुर समजून कपाटात टाकलेली. तो सपाट आवाजात वाचू लागला. "गादीला मधोमध खळगा पडला आहे. तक्रारदार झोपेत घरंगळत पत्नीच्या अंगावर जातो. त्यामुळे पत्नी संतापते व न्याहारीपर्यंत बोलत नाही."

विक्रीप्रमुखाच्या नाकातून चहा आला. मालक पोट धरून हसले. बाईही हसल्या, इतक्या दमल्या होत्या की कशालाही हसल्या असत्या. मग सल्लागाराने तक्रारदाराचं नाव आणि पत्ता वाचला.

विक्रीप्रमुखाने कप खाली ठेवला.

"मॅडम," मालकांनी हळूच विचारलं, "हे तुमचे..."

"मिस्टर," बाई म्हणाल्या.

सल्लागाराने घसा खाकरला. "पुस्तक शुक्रवारी छपाईला जातंय. त्याआधी तक्रार मागे घेतली, तर हे छापावं लागणार नाही."

बाई घरी पोचल्या तेव्हा नवरा शर्टांना इस्त्री करत होता.

"तुम्ही माझ्या कंपनीवर खटला भरलात?"

"भरला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"ऑफिसचं घरात नको, असं तूच म्हणतेस ना."

बाई खांद्यावरच्या पर्ससकट खुर्चीत बसल्या. "मागे घ्या. नवी गादी पाठवायला सांगते."

"नवी नको, तीही तशीच निघेल. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्यांनी उलट माझं वजन विचारलं." त्याने कॉलर उलटी केली. "मला लेखी माफी पाहिजे. आली की त्याच दिवशी मागे घेतो."

एवढंच ना, बाईंना वाटलं. सकाळी त्यांनी मसुदा लिहिला: आमची गादी सदोष होती, आम्हाला माफ करा. मालकांनी मान डोलावली. सल्लागाराने मात्र कपाळाला हात लावला. "असं लिहून दिलंत तर उद्या दारात गाद्या घेऊन रांग लागेल." संध्याकाळी पत्र त्याच्याकडून परत आलं: "कोणताही दोष मान्य न करता, आपली गैरसोय झाली असे आपणास वाटत असल्यास, कंपनी दिलगीर आहे."

नवऱ्याने चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"आमच्या सल्लागाराने."

"मला वाटलं तू. घरी तू अशीच माफी मागतेस."

त्याने पत्राची नीट घडी घातली आणि परत दिली. बाईंना भांडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. शिवाय माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि हात धुऊन ताटं घेतली.

शुक्रवारी सल्लागाराने छपाईला जाणारं शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. खळगा, घरंगळणं, न्याहारी, सगळं होतं. खाली त्याने स्वतःहून भर घातली होती: "तक्रारदार हे कंपनीच्या कायदेविभाग प्रमुखांचे पती आहेत. हा वाद आपसात मिटवण्याचे प्रयत्न अयशस्वी ठरले आहेत. पुढे काय होईल, याची कंपनी कोणतीही खात्री देऊ शकत नाही."

"काही दुरुस्ती, मॅडम?"

बाईंनी पुन्हा एकदा वाचलं. चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी सही केली.